अडीच खासदारांचा जिल्हा आणि दोन खासदारांचं राज्य

प्रश्न असा आला आहे: "लोकसभेच्या जागा लोकसंख्येप्रमाणे वाटल्या तर उत्तरेतली मोठी राज्यं सगळं ठरवणार. नाही वाटल्या तर तिथल्या मतदाराच्या मताची किंमत कमी. मग न्याय्य वाटप कोणतं? अमेरिकेप्रमाणे आपल्याही राज्यसभेत सगळ्या राज्यांना सारख्या जागा द्याव्यात का? आणि या भानगडीत महाराष्ट्र कुठे बसतो?" विचारणारे चौघे नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यातला एक मूळचा सुरगाण्याचा, म्हणजे जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्याचा, हे त्यांनी कळवलंय. ते बरं केलं, सुरगाण्याचं काम मला पुढे पडणारच आहे.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली: मतदार याद्या, प्रभागरचना, गट-गणांचे प्रारूप आराखडे, हरकती-सूचनांचे गठ्ठे. त्यामुळे प्रतिनिधित्व हा शब्द ऐकला की माझ्यासमोर आधी नकाशा येतो आणि त्याच्या शेजारी जनगणनेची गाववार यादी. संविधानाचं पुस्तक त्यानंतर. तर यादीपासूनच सुरुवात करू.

२०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार. सिक्कीम राज्याची ६ लाख १० हजार. आपल्या एका जिल्ह्यात दहा सिक्कीम बसतात. सिक्कीमला लोकसभेत १ खासदार, राज्यसभेत १, शिवाय ३२ आमदारांची स्वतःची विधानसभा. आपल्याला आमदार १५, आणि खासदार म्हणाल तर अडीच: नाशिक एक, दिंडोरी एक, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण हे तीन विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत गेलेले. सहापैकी तीन, म्हणून अर्धा. गोव्याचं उदाहरण तर आणखी बोचतं. गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आणि नाशिक महानगरपालिका हद्दीची १४ लाख ८६ हजार. आपलं शहर गोव्याहून मोठं. गोव्याला लोकसभेत २, राज्यसभेत १, विधानसभेत ४०. आपल्या शहराला पूर्व, मध्य, पश्चिम असे तीन आमदार आणि देवळालीतला थोडा वाटा.

हे ऐकलं की कोणीही म्हणेल, हा तर सरळ अन्याय. थांबा जरा. म्हादईच्या पाण्याचा वाद घ्या. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक, आणि महाराष्ट्रही त्यात पक्षकार. गोव्याचे २ खासदार, कर्नाटकाचे २८, आपले ४८. उद्या सगळं निव्वळ माणसं मोजून ठरवायचं म्हटलं तर गोव्याने तोंड उघडायचंच कशाला? नाशिकच्या मागे महाराष्ट्र उभा असतो, गोव्याच्या मागे गोवाच. नाशिक शहराला जे दोन खासदार 'मिळायला हवे होते' असं वाटतं, ते त्याला महाराष्ट्राच्या ४८ मध्ये मिळालेलेच आहेत. फक्त त्यांच्यावर नाशिकचं नाव नाही.

नाशिकमध्ये फ्लॅट घेणाऱ्याला हा प्रश्न एका वाक्यात कळतो: सोसायटी आहे की अपार्टमेंट? सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर एका सभासदाला एक मत, मग तुमचा वन बीएचके असो की वरच्या मजल्यावरचा दुप्पट फ्लॅट. अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी असेल तर मत अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांवर, मोठ्या फ्लॅटचं वजन जास्त. दोन्ही पद्धती कायदेशीर, दोन्हींची माणसं आपापल्या जागी समाधानी, आणि दोन्हीकडे वार्षिक सभेत भांडणं व्हायची ती होतातच. राज्यांच्या बाबतीत गोची इतकीच की मोजायला दोन गोष्टी आहेत, माणसं आणि घरं, आणि दोघांचाही हक्क खरा आहे.

अमेरिकेत १७८७ साली फिलाडेल्फियात याच मुद्द्यावर परिषद मोडायची वेळ आली होती. व्हर्जिनियाची योजना लोकसंख्येप्रमाणे जागा मागत होती, न्यू जर्सीची योजना प्रत्येक राज्याला समान मत. डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर घरून निघतानाच सूचना होती की समान मताचा हक्क सोडायचा नाही. शेवटी कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी मधला मार्ग काढला: खालच्या सभागृहात लोकसंख्या, वरच्या सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये प्रत्येकी दोन. १६ जुलैला तो ठराव पाच विरुद्ध चार असा, एका राज्याच्या फरकाने, मंजूर झाला. मॅसॅच्युसेट्सची मतं आपसातच फुटली होती. म्हणजे आज ज्याला आदर्श संघराज्य म्हणून आपण परीक्षेत लिहितो, ते त्या वेळी तडजोडीने कसंबसं तरलेलं होतं. शिवाय त्याच परिषदेत गुलामांना जागा मोजण्यापुरतं तीन-पंचमांश माणूस धरण्याचाही सौदा झाला. तेव्हा 'त्यांच्या पूर्वजांनी तत्त्वं बघून केलं' असं फार मनावर घेऊ नका.

त्या सौद्याची आजची किंमत बघा. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख, वायोमिंगची ५ लाख ७७ हजार. दोघांचे सिनेटर दोन-दोन. वायोमिंगच्या एका माणसाचं सिनेटमधलं वजन कॅलिफोर्नियाच्या अडुसष्ट माणसांइतकं. आणि हे बदलता येत नाही, कारण त्यांच्या संविधानाच्या पाचव्या कलमात लिहून ठेवलंय की कोणत्याही राज्याची सिनेटमधली समानता त्या राज्याच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. वायोमिंग कशाला संमती देईल?

आता आपल्याकडे या. भारतात राज्यं आधी होती आणि त्यांनी एकत्र येऊन देश केला, असं घडलेलं नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना हेच स्पष्ट केलं होतं की हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनवलेला नाही. कलम ३ उघडून पाहा: संसद साध्या बहुमताने राज्याची हद्द बदलू शकते, नाव बदलू शकते, राज्य दुभंगू शकते. संबंधित विधानसभेचं मत मागवायचं, पण ते बंधनकारक नाही. ज्या घराच्या भिंती दुसऱ्याला हलवता येतात त्या घराला 'सोसायटीचा सभासद' म्हणणं जरा जडच जातं. म्हणून आपल्या घटनाकारांनी सिनेट आणली नाही. लोकसभेला कलम ८१ लावलं: जागा आणि लोकसंख्येचं गुणोत्तर सर्व राज्यांत शक्य तितकं सारखं. प्रत्येक जनगणनेनंतर फेरवाटप, हे कलम ८२. 'एक व्यक्ती, एक मत' याच्याबरोबर 'एक मत, एक मूल्य' हेही बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बोलले होते. लोकसभेच्या वाटपाचा पाया तोच.

छोट्यांना अगदी वाऱ्यावर सोडलं असंही नाही. १९७३ च्या ३१ व्या दुरुस्तीनंतर कलम ८१ मध्ये एक परंतुक आहे: ज्या राज्याची लोकसंख्या ६० लाखांपेक्षा जास्त नाही, त्याला जागा देताना हे समान गुणोत्तराचं बंधन लागू नाही. (गंमत बघा. नाशिक जिल्हा उद्या वेगळं राज्य झाला तर २०११ च्या आकड्याने ही सवलत आपल्याला १ लाख ७ हजारांनी चुकेल.)

मग गाडी अडली कुठे? १९७६ ला. ४२ व्या दुरुस्तीने फेरवाटप थांबवलं आणि १९७१ च्या जनगणनेवर जागा गोठवल्या, २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. कारण कुटुंबनियोजन. ज्या राज्याने पोरं कमी होऊ दिली त्याच्या जागा कमी करायच्या, हे उलटं बक्षीस झालं असतं. ही भीती हवेतली नव्हती: लोकसभेत मद्रासच्या, म्हणजे आजच्या तामिळनाडूच्या, १९६२ ला ४१ जागा होत्या, १९६७ ला ३९ झाल्या. पुढे २००२ मध्ये अमलात आलेल्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाल्यावर सगळ्यांना अचानक कॅलेंडर आठवलं.

राष्ट्रपती निवडणुकीतही तोच जुना आकडा चालतो. आपल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ का? कागद घ्या: १९७१ ची महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार, भागिले २८८ आमदार, भागिले एक हजार. आलं १७५. सिक्कीमच्या आमदाराचं ७, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८. तेव्हा जन्मलेल्या माणसाला आज नातवंडं झाली, तरी हिशोबाची वही तीच.

या गोठवणीने नेमकं काय केलं, ते आकड्यात पाहू. २०११ ची लोकसंख्या घेतली तर एका खासदारामागे देशाची सरासरी २२ लाख ३० हजार. राजस्थानात २७ लाख ४० हजार, बिहारमध्ये २६ लाख, उत्तर प्रदेशात २५ लाख, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार, तामिळनाडूत १८ लाख ५० हजार, केरळात १६ लाख ७० हजार. राजस्थानातल्या पाच माणसांना जेवढा खासदार, तेवढा केरळात तिघांना. जयपूरच्या पोराने काय पाप केलं म्हणून त्याचं मत हलकं, याला तुम्ही कितीही संघराज्य सांगा, त्याच्या गळी उतरणार नाही. आणि केरळातली बाई म्हणते, आम्ही शाळा चालवल्या, दवाखाने चालवले, दोनावर थांबलो, त्याचा दंड आम्हीच भरायचा का? तिचंही चुकलं नाही.

याच्यावर सध्या सगळ्यात लोकप्रिय तोडगा म्हणजे 'कोणाची जागा कमी करायची नाही, फक्त सभागृह मोठं करायचं'. नव्या संसद भवनात लोकसभेच्या दालनात ८८८ आसनं आहेतच. ऐकायला गोड. पण हा हिशोब मी एका दुपारी जेवणानंतर कॅल्क्युलेटर घेऊन केला, तोच इथे मांडतो, तुम्हीही करून बघा.

अट अशी धरू की केरळ २० च्या खाली जाता कामा नये, आणि तरीही सगळ्या राज्यांना एकच माप लावायचं. म्हणजे केरळाचं माप, १६ लाख ७० हजारांना एक. देशाची १२१ कोटी लोकसंख्या त्याने भागली की सभागृह होतं ७२५ चं. त्यात केरळ २०, तामिळनाडू ४३, महाराष्ट्र ६७, बिहार ६२, उत्तर प्रदेश १२०. कोणाचं काही कमी झालं? तामिळनाडूच्या तर चार जागा वाढल्या. पण आता टक्के काढा. तामिळनाडू आज ५४३ पैकी ३९, म्हणजे ७.२ टक्के, नव्या सभागृहात ४३ असूनही ५.९ टक्के. केरळ ३.७ वरून २.८ वर. उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून २२ टक्के होते ते २५ झाले. संसदेत मतं मोजली जातात, खुर्च्या नाहीत. शेतवाटणीत भावाला म्हणावं, "तुझं एक गुंठाही कमी केलं नाही, फक्त एकूण शेत मोठं दाखवलं," त्यातला हा प्रकार.

दुसरा तोडगा: आजच्या प्रमाणातच सगळ्यांच्या जागा सरसकट दीडपट करा. याने टक्के हलत नाहीत, दक्षिण खूश. पण मग जयपूरच्या पोराचा प्रश्न जागच्या जागी. १९७१ ची वही नव्या पुठ्ठ्यात बांधली, इतकंच.

आणि सभागृह मोठं करण्याचा एक परिणाम फारसं कोणी बोलत नाही. कलम १०८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठक, तिथे डोकी मोजायची. आजवर ती तीनदाच झाली, १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये. आज लोकसभा ५४३ आणि राज्यसभा २४५. लोकसभा ८०० च्या पुढे नेली आणि राज्यसभा तिथेच ठेवली, तर संयुक्त बैठकीत राज्यसभेचं वजन आणखी उतरलं. छोट्या राज्याने लोकसभेतल्या एखाददुसऱ्या जागेसाठी भांडत बसण्यापेक्षा इथे लक्ष ठेवावं.

इथेच माझं म्हणणं येतं. लोकसभेकडून आपण दोन्ही कामं करून घेऊ पाहतो: माणसांचं सभागृहही तीच आणि राज्यांची ढालही तीच. दुसरं काम मुळात राज्यसभेचं. ते तिने केलं नाही म्हणून गोठवण करावी लागली.

राज्यसभेतलं वाटप कसं ठरलं ते बघा. साधारण नियम असा होता: पहिल्या ५० लाखांपर्यंत दर दहा लाखांना एक, त्यानंतर दर वीस लाखांना एक. १९५१ ची आजच्या महाराष्ट्राच्या मुलखाची लोकसंख्या अंदाजे ३ कोटी २० लाख. पहिल्या ५० लाखांचे ५, उरलेल्या २ कोटी ७० लाखांचे साडेतेरा, ते धरले चौदा. एकूण १९. आजही आपले १९ च आहेत. उत्तर प्रदेशचे ३१, तामिळनाडूचे १८, गोव्याचा १, सिक्कीमचा १. म्हणजे उत्तर प्रदेश माणसांनी सिक्कीमच्या सव्वातीनशे पट, पण राज्यसभेत एकतीस पट. हे सिनेटही नाही आणि लोकसभाही नाही, मधलं आहे. मधलं असणं वाईट नाही. युरोपच्या संसदेत हेच तत्त्व आहे, कोणत्याही देशाला ६ पेक्षा कमी नाहीत आणि ९६ पेक्षा जास्त नाहीत. माल्टाला ६, जर्मनीला ९६. जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांच्या सभागृहात, राज्यांना ३ ते ६ मतं, आणि राज्याची सगळी मतं एकगठ्ठा टाकावी लागतात, कारण तिथे बसतं ते त्या राज्याचं सरकार.

आपल्या राज्यसभेची खरी दुखणी जागांच्या संख्येत नाहीत. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायदा बदलून उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर तो बदल वैध ठरवला. तेव्हापासून कोणत्याही राज्याचा खासदार कुठलाही माणूस होऊ शकतो. तो माणूस चांगला असेलही, पण त्या राज्याचं गाऱ्हाणं त्याच्या तोंडात कुठून येणार? धन विधेयकावर, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकावर, राज्यसभेला चौदा दिवस आणि फक्त शिफारशी. कलम ३ खाली राज्य तोडायचं तरी राज्यसभेत साधं बहुमत. राज्यांचं सभागृह म्हणवणाऱ्याला राज्यांच्याच पैशावर आणि हद्दींवर दात नाहीत.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सगळ्यांना सारख्या जागा नकोत. सिक्कीम आणि उत्तर प्रदेश सारखे केले तर कॅलिफोर्निया-वायोमिंगचा फरक आपल्याकडे पाचपट होईल. अडुसष्टच्या जागी सव्वातीनशे. जागांचं मधलं वाटप राहू द्या, तळ थोडा वर उचला, गोवा-सिक्कीमसारख्यांना एकाऐवजी निदान दोन-तीन करा. रहिवासाची अट परत आणा. आणि राज्यांच्या हद्दी, केंद्र-राज्य पैशाचं वाटप अशा मोजक्या विषयांत राज्यसभेच्या विशेष बहुमताशिवाय पान हलणार नाही असं करा. हे होत असेल तर लोकसभा खुशाल लोकसंख्येकडे वळू द्या, तीही एकदम नको, दोन जनगणनांमध्ये विभागून. यातलं बरंच कलम ३६८ खाली जातं आणि संसदेतल्या राज्यांच्या प्रतिनिधित्वाला हात लावायचा तर निम्म्या विधानसभांची संमतीही लागते. म्हणजे सौदा करावाच लागेल. कनेक्टिकटवाल्यांनी तरी दुसरं काय केलं?

कुटुंबनियोजनाच्या बक्षिसाचं काय, असं कोणी विचारेल. पंधराव्या वित्त आयोगाने त्यासाठी वाट काढलीच होती: निधीच्या सूत्रात लोकसंख्येला १५ टक्के वजन आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याच्या कामगिरीला साडेबारा टक्के. बक्षीस पैशात देता येतं. मतात दिलं की ते दुसऱ्याच्या मतातून कापून द्यावं लागतं.

आता सुरगाणा. २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना जागा वाढवणारी नव्हती. राज्यांच्या जागा गोठलेल्याच होत्या, फक्त राज्याच्या आत २००१ च्या लोकसंख्येवर हद्दी नव्याने पाडायच्या होत्या. महाराष्ट्राची सरासरी एका आमदारामागे ३ लाख ३६ हजारांच्या आसपास. तोवर सुरगाणा नावाचा स्वतंत्र, अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ होता. तो गेला आणि तालुका कळवणला जोडला. पेठ दिंडोरीत गेलं. मालेगाव लोकसभा मतदारसंघच बंद झाला, दिंडोरी नवा आला. इकडे शहरात तीन मतदारसंघ उभे राहिले. आकड्यांनी चूक काढता येत नाही: २०११ लाही सुरगाणा तालुका पावणेदोन लाखांच्या घरात, एका आमदाराच्या निम्माच.

पण त्या दिवसांत बोरगावच्या एका टपरीवर चहा घेताना म्हाताऱ्या गावकऱ्याने विचारलेलं अजून कानात आहे. "रावसाहेब, आमची माणसं कमी म्हून आमदार काढला. पर आमचं डोंगर कमी झालं का?" मी म्हटलं, कायद्यात डोंगर धरत नाहीत, माणसं धरतात. हे पूर्ण खरं नव्हतं. पुनर्रचना कायद्यात भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची सोय हे सगळं लक्षात घ्यायला सांगितलंय. फक्त ते लोकसंख्येच्या नंतर येतं, आणि नंतर येणाऱ्याला पंगतीत काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली, ती पेपरात वाचली तेव्हा मला तो म्हातारा आठवला. एक आमदार असता म्हणून रस्ते झाले असते असा माझा दावा नाही. तो असतानाही फार झाले नव्हते. पण तक्रार घेऊन जायला एक दार तरी 'सुरगाणा' नावाचं होतं.

सुरगाणा विरुद्ध नाशिक शहर हे भांडण केरळ विरुद्ध उत्तर प्रदेश याच्याच जातीचं आहे, फक्त पात्रं उलटी. इथे शहर वाढतंय आणि वाढीव जागा मागतंय, आणि त्याचं मागणं रास्त आहे. गंमत म्हणजे आपण नाशिककर दिल्लीत गोठवण वाईट म्हणतो आणि मुंबईत पुनर्रचना चांगली म्हणतो, कारण दोन्हीकडे फायदा आपला. विदर्भातल्या माणसाला विचारा. २००८ मध्ये तिथल्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. त्याच वेळी मुंबईच्या ३४ च्या ३६ आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या थेट २४. विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेल्या नागपूर करारातली आश्वासनं, अनुशेषाचा म्हणजे मागे पडलेल्या विकासकामांचा वाद, घटनेच्या कलम ३७१ खालची विकास मंडळं, हे सगळं ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना चेन्नईची चिंता समजावून सांगावी लागत नाही.

राहिला महाराष्ट्र. ५४३ मध्ये आपले ४८, म्हणजे ८.८ टक्के. लोकसंख्येतला वाटा २०११ ला ९.३ टक्के. आहे त्या सभागृहाचं फेरवाटप केलं तर ५० च्या आसपास येतात. दोन जागांचा फायदा. म्हणजे आपण या भांडणात कुंपणावर आहोत, आणि कुंपणावरच्याला दोन्हीकडचे लोक चहा पाजतात, याचा आपल्या नेत्यांनी उपयोग करून घ्यायला हरकत नाही. आपली खरी ओढाताण राज्याच्या आत होणार आहे. पुणे, ठाणे, नाशिक शहर फुगलंय. विदर्भ आणि डोंगरी तालुके आणखी मागे जातील. त्यात १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या एक-तृतीयांश जागाही पुनर्रचनेलाच बांधून ठेवल्यात, म्हणजे कोणता मतदारसंघ कुठे जातो आणि कोणता राखीव होतो, दोन्ही प्रश्न एकाच नकाशावर येणार.

सुरगाण्याच्या मित्राला एक कामाची गोष्ट सांगतो. पुनर्रचना आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला सहसा कोर्टात आव्हान देता येत नाही, कलम ३२९ आहे. आयोगासोबत बसणाऱ्या खासदार-आमदारांना चर्चेचा हक्क असतो, मताचा नाही. म्हणून जे काही करायचं ते प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींच्या मुदतीत. तेव्हा 'आमच्यावर अन्याय झाला' असं पत्र लिहू नका; असे कागद मी शेकड्यांनी फाइलला लावलेत, ते तिथेच राहतात. जनगणनेच्या क्रमांकासह गावांची यादी जोडा, प्रत्येकाची लोकसंख्या लिहा, तुम्ही सुचवलेल्या मतदारसंघाची बेरीज सरासरीच्या जवळ बसते हे दाखवा, आणि घाटातला रस्ता पावसाळ्यात किती दिवस बंद असतो त्याचा बांधकाम विभागाचा दाखला लावा. अशी हरकत बाजूला सारायची तर समोरच्याला लेखी कारण शोधावं लागतं.